आडवा वारा

सोसाट्याचा वारा सुटला असता तारेवर बसलेल्या कावळ्यांकडे कधी लक्षपूर्वक पाहा. बहुतेक सर्व कावळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले दिसतील. आणि ती दिशा म्हणजे ज्या बाजूने वारा येत असतो तीच. एखाद्याने पाठ फिरविलीच, तर वारा त्याच्या पिसांत शिरतो, पिसे विस्कटतात आणि त्याचा तोल जाऊ लागतो. तारेवर नव्याने उतरणारा कावळाही वाऱ्याला सामोरा होऊनच उतरतो. वारा पाहून पाठ द्यावी, असे व्यवहारात आपण म्हणतो; परंतु ज्याला पंख आहेत त्याने वाऱ्याला पाठ नव्हे, छाती द्यावयाची असते.

विमानाचेही असेच आहे. विमान आकाशात तरते ते पंखांभोवती वेगाने वाहणाऱ्या हवेच्या आधाराने. हा आधार पुरेसा मिळावा म्हणून विमानाचा हवेतील वेग एका मर्यादेच्या खाली जाऊन चालत नाही. समजा, एखाद्या लहान विमानाला उतरताना हवेत ताशी १२० किलोमीटर वेग राखावा लागतो. समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा येत असेल, तर जमिनीच्या मानाने विमानाचा वेग केवळ ९० किलोमीटर भरेल. तोच वारा पाठीमागून आला, तर तो वेग १५० होईल. पहिल्या वेळी विमानाची चाके जमिनीला हळुवार टेकतील आणि थोड्या अंतरात विमान थांबेल. दुसऱ्या वेळी ते दूरवर धावत जाईल. म्हणून समोरचा वारा हा वैमानिकाचा मित्र समजला जातो.

विमानविद्येच्या जन्मापासून माणसाला ही गोष्ट ठाऊक आहे. ऑर्व्हिल व विल्बर या राइट बंधूंनी आपल्या प्रयोगांसाठी अमेरिकेतील किटी हॉक या गावाजवळचा वाळवंटी समुद्रकिनारा निवडला, तो तेथे भरपूर वारा वाहतो म्हणूनच. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या विमानाने वाऱ्याला सामोरे जाऊन चार वेळा उड्डाण केले. चौथे उड्डाण सर्वांत मोठे होते. ते ५९ सेकंद टिकले आणि त्यात विमानाने ८५२ फूट अंतर तोडले. त्यानंतर थोड्याच वेळात एक विलक्षण प्रकार घडला. विमान जमिनीवर उभे होते आणि मंडळी बोलत होती. इतक्यात वाऱ्याचा एक जबरदस्त झोत आला व त्याने विमान उचलून उलथे केले. जॉन डॅनियल्स नावाचा मदतीला आलेला एक गृहस्थ विमान धरून ठेवण्यासाठी धावला. तो विमानाबरोबरच गडगडत गेला, पण सुदैवाने खरचटण्यावर निभावले. विमान मात्र इतके मोडले, की ते पुन्हा कधीच उडाले नाही. आकाशात ज्याने तारले, त्याच वाऱ्याने जमिनीवर मोडले! विमानाला वाऱ्याचे खरे भय उंच आकाशात नसून जमिनीच्या निकट असते, हा पहिला धडा त्याच दिवशी मिळाला.

प्रारंभीच्या काळात विमानतळ म्हणजे एखादे मोठे, सपाट मैदान असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, आपल्या चिमुकल्या ‘पुस मॉथ’ विमानातून मुंबईस जुहू येथे उतरले. त्या वेळी जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राजवळचे एक मैदानच होते. अशा मैदानाचा एक मोठा लाभ असे. वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला तोंड करून वैमानिकाला उतरता येई. पुढे विमाने जड झाली, त्यांचा वेग वाढला आणि त्यांच्यासाठी दगड, डांबर व काँक्रीट यांच्या पक्क्या धावपट्ट्या बांधाव्या लागल्या. धावपट्टी एकदा बांधली, की तिची दिशा कायमची ठरते. वाऱ्याची दिशा मात्र कोणी ठरवावी?

म्हणून धावपट्टी बांधण्यापूर्वी त्या ठिकाणी वर्षभर वारे कोणत्या दिशेने वाहतात याचा अभ्यास करतात, आणि बहुतेक काळ वारा समोरून मिळेल अशी तिची आखणी करतात. प्रत्येक धावपट्टीच्या टोकाला एक आकडा रंगविलेला असतो. तो तिची दिशा सांगतो. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजलेल्या अंशांतील शेवटचे शून्य वगळले, की हा आकडा मिळतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर एका टोकाला ‘०९’ व दुसऱ्या टोकाला ‘२७’ असे आकडे आहेत. ०९ म्हणजे ९० अंश, अर्थात पूर्व. आणि २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. मुंबईस या धावपट्टीला छेदून जाणारी दुसरीही एक धावपट्टी आहे. परंतु दोन काय किंवा तीन काय, धावपट्ट्या कितीही बांधल्या तरी वारा एखाद्या दिवशी त्या सर्वांना चुकवून कुशीवर येतोच. यालाच आडवा वारा म्हणतात.

आडवा वारा विमानाला काय करतो, हे समजण्यासाठी पावसाळ्यातील नदीची आठवण करा. नावाड्याला समोरच्या घाटावर जावयाचे असते. पण तो नावेचे तोंड नेमके घाटाकडे ठेवीत नाही. तसे केले तर प्रवाह नावेला खाली ओढून नेईल आणि घाट मागे राहील. तो नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवितो. पाहणाऱ्याला वाटते, नाव भलतीकडेच चालली आहे; परंतु ती तिरपी तिरपी सरकत बरोबर घाटाला लागते. वैमानिकही हेच करतो. विमानाचे नाक तो वारा येईल त्या बाजूला थोडे वळवितो. मग विमान खेकड्यासारखे तिरपे दिसते, पण त्याची वाट मात्र धावपट्टीच्या सरळ रेषेतच राहते.

नावाड्याचे काम येथे संपते. वैमानिकाचे खरे काम येथून सुरू होते. नाव घाटाला तिरपी लागली तरी बिघडत नाही. विमानाची चाके मात्र केवळ पुढे धावण्यासाठी केलेली असतात. विमान तिरपे असतानाच ती जमिनीला टेकली, तर त्यांच्यावर बाजूने प्रचंड ताण पडतो. म्हणून जमीन अगदी जवळ येताच वैमानिकाला पायाखालची पेडले दाबून, शेपटीवरच्या सुकाणूने विमानाचे नाक पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते. पण नाक सरळ होताच वारा विमानाला बाजूला ढकलू लागतो! त्याला उत्तर म्हणून वैमानिक वाऱ्याकडील पंख किंचित खाली झुकवून धरतो. मग त्याच बाजूचे चाक आधी टेकते, नंतर दुसरे, आणि शेवटी पुढचे. हात एक काम करीत असतात, पाय दुसरे, आणि डोळे दूरवर धावपट्टीच्या टोकाशी लागलेले असतात. हे सारे अवघ्या काही सेकंदांत साधावयाचे असते.

ते साधले नाही, म्हणजे काय होते? जगात सर्वांत अधिक संख्येने बांधले गेलेले ‘सेस्ना १७२’ हे विमान उदाहरणादाखल घेऊ. हे चार आसनांचे एक हलके विमान असून असंख्य वैमानिकांनी आपले पहिले धडे त्यातच गिरविले आहेत. आडवा वारा ताशी २८ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर तो विमानाला दर सेकंदाला सुमारे ८ मीटर बाजूला लोटू शकतो. लहान विमानतळाची धावपट्टी कित्येकदा २०-३० मीटरच रुंद असते. अशा वेळी नाक सरळ करण्यास क्षणभर उशीर झाला, तर चाके तिरपी टेकतात आणि विमान हिसका खाते. नाक लवकर सरळ केले, तर विमान धावपट्टीच्या कडेकडे सरकते. वाऱ्याकडील पंख सैल सोडला, तर वारा त्या पंखाखाली शिरून तो उचलतो आणि दुसऱ्या पंखाचे टोक जमिनीला घासते.

बरे, चाके टेकली म्हणजे संकट टळले असेही नाही. विमानाची शेपटी उंच व रुंद असते. वारा तिला लोटतो, तेव्हा देवळाच्या शिखरावरील पताकेप्रमाणे सारे विमान वाऱ्याच्या दिशेला वळू पाहते. सुकाणूवरचे पाय ढिले पडले, तर विमान धावपट्टी सोडून बाजूच्या गवतात शिरते. तेथे पुढचे चाक खड्ड्यात अडकते, नाक जमिनीवर आपटते आणि पंख्याची पाती वाकतात. लहान विमानांचे असे कितीतरी अपघात जगभर होतात. सुदैवाने वेग कमी असल्यामुळे पुष्कळदा माणसे वाचतात. पण प्रत्येक वेळी दैव साथ देईलच, असे नाही. म्हणूनच चांगले गुरुजन शिकाऊ वैमानिकाला बजावून सांगतात, की विमान पूर्ण थांबेपर्यंत उड्डाण संपले असे समजू नकोस.

प्रत्येक विमानाच्या माहितीपुस्तकात आडव्या वाऱ्याचा एक आकडा दिलेला असतो. सेस्ना १७२ साठी तो १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर आहे. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. विमान तयार करणाऱ्यांनी एवढ्या आडव्या वाऱ्यात ते प्रत्यक्ष उतरवून दाखविलेले असते. त्याहून अधिक वाऱ्यात काय होईल, याची हमी तो आकडा देत नाही. नदीच्या घाटावरील ज्या पायरीपर्यंत कोणी उतरून पाहिले आहे, तेथवरच पाण्याची खोली ठाऊक असते. पुढची पायरी आहे की डोह, हे कोण सांगणार?

हे केवळ लहान विमानांनाच लागू आहे, असे मात्र समजू नका. १ मार्च २००८ रोजी जर्मनीत ‘एम्मा’ नावाचे वादळ घोंघावत होते. त्या दिवशी म्युनिकहून निघालेले लुफ्थान्सा कंपनीचे ‘एअरबस ए-३२०’ जातीचे विमान हॅम्बुर्ग येथे उतरू पाहत होते. विमानात वैमानिक व सेवक धरून १३७ माणसे होती. विमान ‘२३’ आकड्याच्या धावपट्टीकडे येत होते, म्हणजे त्याचे तोंड २३० अंशांकडे होते. वारा मात्र सुमारे ३०० अंशांकडून येत होता आणि त्याचे झोत ४७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ८७ किलोमीटरपर्यंत पोचत होते. दोहोंमधील अंतर ७० अंशांचे झाले. म्हणजे वारा जवळजवळ काटकोनात, उजव्या कुशीवर आदळत होता. या जातीच्या विमानासाठी पुस्तकातील आकडा ३३ नॉट, आणि झोत धरून ३८ नॉट होता.

विमान नाक उजवीकडे वळवून तिरपे तिरपे खाली आले. जमीन जवळ येताच त्याचे नाक सरळ करण्यात आले. त्याच क्षणी झोताने उजवा पंख उचलला. डावीकडचे चाक टेकले, विमान पुन्हा किंचित उसळले आणि डावा पंख खाली, आणखी खाली झुकला. त्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले! आता विमान कोलमडणार, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. परंतु वैमानिकांनी त्या क्षणी उतरण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला, पंख सावरले आणि विमान पुन्हा आकाशात नेले.

मग वैमानिकांनी दुसरी धावपट्टी घेतली. तिचा आकडा होता ३३, म्हणजे ३३० अंश. आता तुम्हीच हिशेब करा. वारा ३०० अंशांकडून आणि धावपट्टी ३३० अंशांकडे. अंतर केवळ ३० अंशांचे! पहिल्या धावपट्टीवर वाऱ्याचा शेकडा ९४ भाग जोर आडवा पडत होता. येथे तो शेकडा ५० वर आला. उरलेला बराचसा वारा आता समोरून, म्हणजे मित्र म्हणून येत होता. वादळ तेच, विमान तेच आणि माणसेही तीच. पण या वेळी विमान सुखरूप उतरले. पंखाच्या टोकाची मोडतोड झाली होती. माणूस मात्र एकही जखमी झाला नाही.

हे दृश्य एका हौशी छायाचित्रकाराने टिपले व ते जगभर पाहिले गेले. कोणी वैमानिकांची वाहवा केली, तर कोणी त्यांना दोष दिला. जर्मनीच्या विमान-अपघात चौकशी विभागाने मात्र घाई केली नाही. त्याने दीर्घ तपास करून २०१० मध्ये आपला अहवाल दिला. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी, की विमानाचे एक चाक टेकताच त्यातील संगणक ‘आपण जमिनीवर आलो’ असे समजत असे आणि पंख सावरण्याची वैमानिकाची शक्ती कमी करीत असे. नेमकी जेव्हा तिची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच! दुसरी अशी, की पुस्तकातील आडव्या वाऱ्याच्या आकड्याचा अर्थ सर्व वैमानिकांना सारखा ठाऊक नव्हता. कोणी त्याला ओलांडू नये अशी मर्यादा मानीत, तर कोणी केवळ माहिती. केवळ वैमानिकाला शाबासकी किंवा शिक्षा देऊन चौकशी थांबली असती, तर यंत्रातील व पुस्तकातील हे दोष तसेच राहिले असते. अपघाताची चौकशी ‘कोणी केले?’ एवढेच विचारून थांबत नाही, ‘का झाले?’ हे विचारते, म्हणून तिचा लाभ पुढच्या प्रवाशांना मिळतो.

मुलांनो, धैर्य म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात अनेकदा चुकीची कल्पना असते. संकट कितीही मोठे असो, हाती घेतलेले काम त्याच क्षणी, त्याच वाटेने पुरे करणे म्हणजे धैर्य, असे आपल्याला वाटते. हॅम्बुर्गच्या त्या वैमानिकांपुढे धावपट्टी अगदी काही हातांवर होती. प्रवासी घरी जाण्यास उत्सुक होते. चाक टेकलेही होते. अशा क्षणी ‘झाले, उतरलोच आता’ असे वाटणे किती स्वाभाविक! पण त्या मोहाला बळी पडते, तर १३७ प्राणांवर बेतले असते. हातातोंडाशी आलेली गोष्ट सोडून पुन्हा वर जाण्यासाठी जे बळ लागते, ते खाली येण्यासाठी लागणाऱ्या बळाहून कमी नाही. वैमानिकांच्या जगात असे परत फिरणे ही नामुष्की मानीत नाहीत. ते शिक्षणाचेच एक अंग आहे. उतरण्याचा सराव करणारा प्रत्येक शिकाऊ वैमानिक न उतरता पुन्हा वर जाण्याचाही सराव करतो.

आणि परत वर जाणे म्हणजे पळून जाणेही नव्हे. ते विमान दुसऱ्या गावी पळाले नाही. त्याने वाऱ्याचा विचार केला, योग्य दिशा निवडली आणि तेथेच उतरून दाखविले. वाऱ्यावर कोणाचीही सत्ता चालत नाही. त्याच्याशी झुंज घेऊन जिंकता येत नाही, की त्याच्यापुढे हात टेकूनही भागत नाही. त्याला ओळखावे लागते, आपले बळ ओळखावे लागते, आणि दोहोंचा मेळ जेथे बसेल ती वाट शोधावी लागते. तारेवरचा कावळा हे जन्मतःच जाणतो. माणसाला ते शिकावे लागते.

स्वाध्याय

१. समोरचा वारा हा वैमानिकाचा मित्र का समजला जातो? पाठातील आकडे घेऊन स्पष्ट करा.

२. नदी पार करणारा नावाडी आणि आडव्या वाऱ्यात उतरणारा वैमानिक यांच्यात साम्य कोणते व फरक कोणता?

३. एका धावपट्टीच्या टोकाला ‘१४’ असा आकडा आहे. तिची दिशा किती अंश? तिच्या दुसऱ्या टोकाला कोणता आकडा असेल?

४. ‘वारा पाहून पाठ देणे’, ‘हातातोंडाशी येणे’, ‘हात टेकणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. ‘परत फिरणे ही नेहमीच हार नसते.’ या विषयावर आपल्या अनुभवातील किंवा ऐकलेल्या एखाद्या प्रसंगाच्या आधारे दहा ओळी लिहा.